छोट्या सुट्टीच्या डब्यासाठी दाणे-काजू नसलेले बार: कशाने बांधायचे?

गवतीचहा
मंडळी, मुलगा यंदा पहिलीत गेला. त्याला शेंगदाणा आणि काजूची ॲलर्जी आहे. डॉक्टरांकडून नीट निदान झालेलं आहे, त्यामुळे "थोडं थोडं देऊन बघ" हे सल्ले कृपया नकोत. काजू न चालणाऱ्यांना पिस्ताही बहुधा चालत नाही म्हणून तोही बंद. बदाम-अक्रोड घरात आणतच नाही.

मोठ्या सुट्टीचं पोळीभाजीवर भागतं. घोडं अडतंय छोट्या सुट्टीपाशी. दहा मिनिटं असतात, त्यात कोरडा, हाताला न लागणारा खाऊ हवा. वर्गातली निम्मी मुलं हल्ली बार आणतात, त्यामुळे ह्यालाही बारच हवा. विकतच्या बहुतेकांवर मागे बारीक अक्षरात सुकामेव्याचा इशारा असतो. नेटवरच्या पाककृती बघाव्यात तर सगळ्यांचा जीव पीनट बटरमध्ये, नाहीतर बदामाच्या बटरमध्ये.

अजून एक गोम आहे. बाकावरच्या मित्राला दूध चालत नाही. आणि हे दोघं एकमेकांच्या डब्यात हात घातल्याशिवाय राहत नाहीत, कितीही दटावलं तरी. म्हणून तूप, दूध पावडर, कंडेन्स्ड मिल्क वगैरेही नको.

साधी चिक्की सुचवू नका, पुढचे दोन दात पडलेत. पुण्यात सहज मिळणाऱ्या जिनसांत होणारं, अकरापर्यंत डब्यात आकार धरून राहणारं काही आहे का?

खमंगकाकडी
राजगिऱ्याच्या लाह्या! दाणे नाहीत, गहू नाही, दूध नाही. गुळाच्या पाकात केल्या तर वडी, खजुरात केल्या तर बार. पाकात आपण चमचाभर तूप घालतो, त्याऐवजी खोबरेल घाल. खायचं खोबरेल गं, निळ्या बाटलीतलं डोक्याचं नव्हे ;-)

कट्टेकरी
आमच्या लहानपणी कुणाला कसली ॲलर्जी नव्हती बुवा. खिशात दाणे-गूळ घेऊन शाळेत जायचो.

चिंचबोर
@कट्टेकरी, आलात? तुमची वाटच बघत होते. ॲलर्जीच्या प्रत्येक धाग्यावर हा प्रतिसाद पहिल्या पाचांत असतो.

सोलापुरी_शेंग
माझा आयडी बघून मला धाग्यावर प्रवेश आहे का ते आधी सांगा. आमच्याकडे शेंगाचटणीशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. दाण्याचा कूट नसलेली भाजी म्हणजे पाहुण्यांचा अपमान. ह्या माउलीला साष्टांग नमस्कार, मराठी स्वयंपाकघरात दाण्यावाचून राहणं म्हणजे सोपं काम नाही.

तव्यावरची
गवतीचहा, माझ्या भाचीला दाणे चालत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे हे नेहमी होतं. सविस्तर लिहिते.

पीनट बटरची जागा सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया घेतात. साधारण १०० ग्रॅम बिया मंद आचेवर भाजायच्या. हलका बदामी रंग येऊन खमंग वास सुटला की लगेच ताटात काढायच्या, कढईत ठेवल्या तर तळाच्या जळतात आणि मग सगळा बार कडू. कोमट असतानाच मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवायच्या. आधी भुगा होतो, मग तो भिंतीला चिकटून बसतो. इथे लोक हार मानतात. भांडं बंद करून कडा खरवडायच्या, चमचाभर खोबरेल घालायचं, पुन्हा थांबत थांबत फिरवायचं. थोड्या वेळाने तेल सुटून सरसरीत गोळा होतो. ॲलर्जीवाल्या घराचा अर्धा फराळ ह्या गोळ्यावर उभा असतो.

मग कढईत एक चमचा खोबरेल, त्यात बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, दोन चमचे किसलेला गूळ. परतत राहायचं आणि उलथन्याने चेपत राहायचं, खजूर एकजीव होऊन कढई सोडायला लागला की गॅस बंद. त्यात सूर्यफुलाची पेस्ट, मीठ चिमूटभर, सुंठ. मीठ विसरू नका, नाहीतर नुसता गोडमिट्ट लागतो. शेवटी भाजलेल्या भोपळ्याच्या बिया ५० ग्रॅम आणि राजगिऱ्याच्या लाह्या दीड वाटी. लाह्या गॅस बंद केल्यावरच, आणि हाताने, चमच्याने त्यांचं पीठ होतं.

ताटाला बटर पेपर लावून ओतायचं आणि सपाट बुडाच्या वाटीने थापायचं. दाबून थापायचं, अगदी जोर लावून, कारण सैल राहिलं तर डब्यात चुरा होतो. तासभर फ्रिजमध्ये आणि मग कापायचं. प्रत्येक बार बटर पेपरच्या पट्टीत गुंडाळून डब्यात. सकाळी फ्रिजमधून काढलेला बार अकरापर्यंत व्यवस्थित राहतो. ऐन मे महिन्यात मऊ पडेल, पण तेव्हा शाळा कुठे असते.

खमंगकाकडी
तव्यावरची, सुंठ कमाल! वाचनखूण साठवली.

लेबलवाचक
पाककृती छान आहे. पण घटक नुसते दाणे नसलेले असून भागत नाही, ते आले कुठून हेही बघावं लागतं.

सुट्या बिया मंडईजवळच्या सुकामेव्याच्या दुकानातून घेऊ नका. काजू, पिस्ता, मगज, सूर्यफूल शेजारी शेजारी, आणि सगळ्यांत तोच एक डाव फिरत असतो. भाजलेल्या मिश्र बियांची पाकिटं तर त्याच भट्टीतून आलेली असतात जिच्यात आधी दाणे भाजलेले असतात. पाकीटबंद, एकाच जातीच्या, कच्च्या बिया घ्या आणि मागची बाजू वाचा.

आपल्याकडे एफएसएसएआयच्या (म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ग्लुटेनवाली (गव्हासारखी) धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवायला वापरतात ते गंधकाचं रसायन) ही वेगळी जाहीर करावी लागतात. तीळ आणि मोहरी ह्या यादीत नाहीत. म्हणजे तिळाची ॲलर्जी असेल तर इशाऱ्याच्या ओळीवर विसंबू नका, अख्खी घटकांची यादी वाचा.

सल्फाइटवरून आठवलं. बारमध्ये जर्दाळू घालणार असाल तर भडक केशरी दिसणारे टाळा, तो रंग गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो. दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. तपकिरी, सुरकुतलेले दिसायला वाईट पण बरे.

मोदकपात्र
अवांतर: बांधणी हिंगात मैदा किंवा कणीक असते हे किती जणांना माहीत आहे? माझ्या जावेला गव्हाचा त्रास (सिलिॲक). पोळी बंद, रवा बंद, तरी पोट बिघडायचंच. शेवटी फोडणीतला हिंग पकडला. तांदळाच्या पिठात बांधलेला मिळतो, शोधावा लागतो.

खमंगकाकडी
बापरे, हिंग! तसंच ओट्सचं ना? ओट्समध्ये गहू नसतो पण शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत असतो म्हणे.

मोदकपात्र
हो. ग्लुटेनमुक्त म्हणून प्रमाणित केलेले ओट्स वेगळे येतात, महाग असतात. त्यापेक्षा ज्वारीच्या लाह्या घ्या. नागपंचमीच्या सुमारास ढिगाने मिळतात.

मिसिसागाकर
इकडे कॅनडात हा प्रश्न घरोघरी आहे. आमच्या ऑन्टॅरिओत २००५ मध्ये 'सब्रिनाज लॉ' झाला. शाळेच्या कॅन्टीनमधलं खाऊन एका मुलीचा मृत्यू झाला होता, तिच्या नावाने हा कायदा आहे. दर शाळेकडे ॲनाफिलॅक्सिसची (जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीची) योजना हवी, मुलागणिक वेगळी नोंद हवी, शिक्षकांना नियमित प्रशिक्षण हवं.

इथे शेंगदाण्याइतकाच तिळाचा आणि मोहरीचाही धसका, दोन्ही लेबलवर लिहावंच लागतं. संक्रांतीला मराठी मंडळात तिळगूळ वाटायचा म्हणजे टेबलावर पाटी लावून, वेगळ्या कोपऱ्यात. तिळाऐवजी एकदा भोपळ्याच्या बियांचा हलवा केला होता, काटा काही येईना, पण मुलांनी संपवला.

न्यूजर्सीची_वैनी
अमेरिकेत तीळ १ जानेवारी २०२३ पासून नववा मुख्य ॲलर्जन झाला. मजा म्हणजे काही पावाच्या कंपन्यांनी वेगळी साफसफाई करण्यापेक्षा पावात मुद्दाम तीळ घालून लेबलवर लिहून टाकलं! आणि नारळ आधी सुकामेव्यात धरायचे, तो जानेवारी २०२५ मध्ये त्या यादीतून काढला. शाळेला पटवताना मात्र नाकी नऊ. नाव कोकोनट ना, त्यात नट आहे!

कट्टेकरी
विनोद बाजूला ठेवून विचारतो. एका मुलासाठी अख्ख्या वर्गाने दाणे का सोडायचे? आमच्या नातवाच्या शाळेने चिठ्ठी पाठवली, डब्यात शेंगदाणा नको. पोर दुसरं काही खात नाही. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची पोळी, लाडू, सगळं बंद. गरीब घरातल्या मुलाला दाण्याइतकं स्वस्त आणि पौष्टिक दुसरं काय आहे सांगा.

चिंचबोर
मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, हे मान्य. पण तुमचा नातू दाणे घरी खाऊ शकतो, सकाळ-संध्याकाळ. ज्याला ॲलर्जी आहे तो शाळेत जीव घरी ठेवून येऊ शकत नाही. पाच तासांचा प्रश्न आहे.

साधाभोळा
दोघांशीही थोडा असहमत. मी शाळेत शिकवतो. बंदीची चिठ्ठी गेली की पालकांना आणि शिक्षकांनाही वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात चटणी पोळीत गुंडाळून येते, आजीला चिठ्ठीचा पत्ता नसतो. वाढदिवसाच्या चॉकलेटात दाणे निघतात. बंदीपेक्षा मला तीन गोष्टी कामाच्या वाटतात: डब्याची देवाणघेवाण नाही, खाऊन झाल्यावर साबणाने हात, आणि काही झालं तर काय करायचं हे वर्गशिक्षिकेपासून व्हॅनवाल्या काकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. सॅनिटायझर चोळून दाण्याचा अंश जात नाही हो, साबण-पाणीच लागतं.

स्टेथोस्कोप
बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं.

साधाभोळा, हात धुण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

कट्टेकरी, तुमच्या लहानपणी लोकांना दाणे लवकर मिळायचे, हा मुद्दा गमतीत घेऊ नका, त्यात तथ्य आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या 'लीप' अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीव्र एक्झिमा (त्वचेचा खाजरा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या ६४० बाळांपैकी काहींना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा (बाळाला खाता येईल अशा रूपात) दिला, काहींना टाळायला सांगितलं. पाचव्या वर्षी खाणाऱ्या गटात शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळच कमी निघाली. पण हे ॲलर्जी होऊ नये म्हणून. ज्याला झालेलीच आहे त्याला घरी प्रयोग करायचा नाही. आणि लहान बाळाला अख्खा दाणा कधीच नाही, श्वासनलिकेत अडकतो.

दूध चालत नाही म्हणजे नेमकं काय हे मित्राच्या आईला विचारून घ्या. दुधातली साखर न पचणं वेगळं, त्यात पोट फुगतं, जुलाब होतात. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी वेगळी, तिथे तुपातला सूक्ष्म अंशही काहींना महागात पडतो. कळेपर्यंत खोबरेल हेच बरोबर.

शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला. त्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तूर-मूग-हरभरा चालतात, पण काहींना हरभऱ्याची स्वतंत्र ॲलर्जी असते. मूल रोज बेसन, पिठलं खात असेल तर डाळं बारमध्ये घालायला हरकत नाही.

आणि ॲड्रिनालिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीत तातडीने द्यायचं औषध. परदेशात मिळणारी पेनसारखी इंजेक्शनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. ज्यांना तीव्र त्रासाचा इतिहास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून लेखी योजना घ्यावी: काय, किती, कुणी द्यायचं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलं जातं. श्वासाला त्रास, ओठ-जीभ सुजणं, वारंवार उलट्या, ग्लानी असं दिसलं तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. ॲड्रिनालिन आणि रुग्णालय.

कट्टेकरी
डॉक्टर, समजलं. चिठ्ठीवरचा राग तरी आहेच, पण कमी झाला.

नलूआजी
गवतीचहा बाळा, मी टॅबवर टाइप करते आहे, चुका पोटात घाल. दात पडलेल्या मुलाला पाक कडक नको. गूळ वितळून फेस आला की थेंब पाण्यात टाकून बघ. बोटांत धरून मऊ गोळी वळली की उतरव. गोळी ताटलीत टाकल्यावर टण्ण वाजली तर ती चिक्की, आपल्याला वाजायला नको आहे. चिक्कीचा गूळ आणू नकोस, साधा गूळ घे. पाकात साळीच्या लाह्या आणि सुकं खोबरं घाल, गरम आहे तोवरच वड्या पाड. गार झाल्यावर सुरी घालशील तर भुगा होईल. पावसाळ्यात गूळ ओल धरतो, वड्या सर्दावतात, म्हणून तेव्हा खजुराचे कर आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात गुळाचे.

आणखी एक. थंडीत कुणी डिंकाचे लाडू पाठवले तर त्यात गोडंबी आहे का विचार. गोडंबी म्हणजे बिब्ब्याची बी, आणि बिब्बा काजूच्याच घरातला. चारोळीसुद्धा त्याच घरातली. बासुंदीत, श्रीखंडात वरून पेरतात, कुणाला सांगायचं सुचत नाही.

लेबलवाचक
नलूआजी, दंडवत. चारोळी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा सगळे आंब्याच्या कुळातले. (आंबा बहुतेकांना चालतो, घाबरू नका.) @स्टेथोस्कोप, चारोळी टाळावी ना?

स्टेथोस्कोप
काजूची ॲलर्जी असेल तर विचारल्याशिवाय देऊ नये. आजींनी शिकवणी घ्यावी आमची.

घाण्याचं_तेल
तेलाचंही लिहा कुणीतरी. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचं प्रथिन राहतं. पूर्ण रिफाइंड केलेल्यात नगण्य. आणि त्याच घाण्यावर आधी शेंगदाणा काढून मग खोबरेल काढत असतील तर ते खोबरेलही ह्या बारसाठी नको. आमच्या गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगतो, पाकीटबंद घ्या म्हणून. धंद्याचं नुकसान, पण पोराचा प्रश्न आहे.

रविवारची_भूक
बारच्या धाग्यावर खिचडीचं विचारते, माफी. कूट नसलेली साबुदाण्याची खिचडी मोकळी कशी होते?

तव्यावरची
साबुदाणा जास्त भिजवायचा नाही, निथळून ठेवायचा. कुटाच्या जागी भोपळ्याच्या बिया भाजून भरड आणि ओलं खोबरं. चव तीच नाही लागणार, खोटं कशाला बोलू. पण खिचडी म्हणून ताटात शोभते. उपासाला ह्या बिया चालतात का ते मात्र आपापल्या सासूला विचारा :-))

बेकरबाई
एक धोक्याची नव्हे तर हिरवी सूचना. ह्याच सूर्यफुलाच्या पेस्टमध्ये सोडा घालून कुणी भाजलेले बार किंवा कुकीज केल्या तर गार झाल्यावर आतून हिरव्या दिसतात. बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लाची सोड्याशी प्रक्रिया होते. बुरशी नाही, खायला चालतं. लिंबाचा रस घातला तर रंग कमी येतो. मुलांना मात्र 'राक्षसाची बिस्किटं' म्हणून दिली की हातोहात जातात.

गवतीचहा
केवढे प्रतिसाद! सगळ्यांना एकदम उत्तर देते.

तव्यावरचीच्या पद्धतीने केले. दाबून थापण्याचा सल्ला खरा आहे, ज्या कडेला हात हलका पडला तिथलाच तुकडा सुटला. सुंठ निम्मी केली, मुलाला झणका नको होता. डाळं भरडून थोडं घातलं (बेसन तो रोज खातो), त्याने चिकटपणा कमी होऊन बार हाताला लागेनासा झाला. मित्राच्या आईशी बोलले, प्रथिनाचीच ॲलर्जी निघाली, तेव्हा तूप नाहीच.

मिक्सरचं कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहिते. घरात सासूबाईंसाठी कूट होतोच, तो बंद करायला सांगणं मला पटत नाही. पण भांड्याचं पातं खोलून बघा एकदा. पात्याखालच्या खाचेत आणि झाकणाच्या रबरी रिंगमध्ये कूट बसलेला असतो, घासणीने निघत नाही. म्हणून बारसाठी वेगळं लहान भांडं घेतलं, त्याच्या झाकणावर नेलपॉलिशने लाल ठिपका. लाल ठिपक्यात दाणा नाही, हे घरच्या मावशींनाही पाठ झालंय. चाळणी आणि पोळपाटही वेगळा, कारण लाटलेल्या दाण्याच्या पोळीचा अंश लाकडात राहतो.

साधाभोळा सर, तुमच्या तीन गोष्टी छापून वर्गशिक्षिकांना दिल्या. हात धुण्याला त्या लगेच तयार झाल्या. देवाणघेवाणीबद्दल म्हणाल्या, "ते तुम्हीच थांबवून दाखवा."

साधाभोळा
मॅडमचं बरोबर आहे :-) म्हणून तर दोघांना चालेल असा बार हाच उपाय.

खमंगकाकडी
लाल ठिपका झकास. खर्च किती पडतो गं साधारण? विकतच्यापेक्षा स्वस्त?

गवतीचहा
विकतच्या चांगल्या बारपेक्षा स्वस्त, घरच्या राजगिरा वडीपेक्षा महाग. पैसे सगळे बियांत जातात. म्हणून आठवड्यात निम्मे दिवस हा बार आणि निम्मे दिवस नलूआजींची लाह्यांची मऊ वडी असं चालू केलंय. आजी, गोळी वाजली नाही!

नलूआजी
शाबास. आता वेलदोडा घालून बघ.

सोलापुरी_शेंग
धागा वाचून जोश आला, बायकोला म्हटलं मीच करतो. सूर्यफुलाच्या बिया आणायला गेलो, अर्धा किलो मागितल्या. दुकानदाराने वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "पोपट किती आहेत?"

तव्यावरची
पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या, सालीसकट दिल्या असतील तर खरंच पोपटाला घाला. सोललेल्या, राखाडी दिसणाऱ्या मागा.